तालीम म्हणजे शिकवण : ‘सर्वांसाठी एकच व्यायाम’ या कल्पनेचा इतिहास आणि तिच्यावरील एक आक्षेप

१/
आजचा थ्रेड व्यायामावर आहे. ‘तीस दिवसांत बांधेसूद शरीर’, ‘रोज फक्त दहा मिनिटे’ असे तयार तक्ते आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये येऊन पडलेले आहेत. दुसऱ्या बाजूला ‘पर्सनल ट्रेनर’ हा श्रीमंतांचा आणि सिनेनटांचा शौक मानला जातो. माझे मत थोडक्यात असे : माणूस पाहून दिलेला व्यायाम हा छापील व्यायामापेक्षा श्रेष्ठ असतो; आणि महाराष्ट्रात तो शौक कधीच नव्हता. तो गल्लीगल्लीतला नेहमीचा व्यवहार होता. पुरावे पुढे देते.

२/
आरंभ शब्दांपासून करू. ‘तालीम’ हा शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘शिक्षण, शिकवण’ असा आहे. ‘वस्ताद’ हे फारसी ‘उस्ताद’चे मराठी रूप; अर्थ गुरू, कसबी माणूस. ‘पैलवान’ही फारसीतूनच आला. आता ‘जिम’ पाहा. तो ग्रीक ‘जिम्नॅसिऑन’वरून आला आणि त्याच्या मुळाशी ‘जिम्नोस’ म्हणजे ‘उघडा’ हा शब्द आहे, कारण ग्रीक तरुण तेथे विवस्त्र होऊन व्यायाम करीत. एका भाषेने त्या जागेला कसरत करणाऱ्याच्या उघड्या देहावरून नाव दिले, दुसरीने तेथे काय दिले जाते त्यावरून. आपल्या भाषेत व्यायामाच्या खोलीचे नावच ‘शिकवणी’ आहे.

३/
पुण्यात ‘गोकुळ वस्ताद तालीम’ आहे. तालमीला वस्तादाचे नाव लागणे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यातले वेगळेपण ध्यानात येत नाही. आजच्या व्यायामशाळेची जाहिरात यंत्रांची असते : किती ट्रेडमिल, किती डंबेल्स, वातानुकूलन आहे की नाही. तालमीत यंत्र म्हणावे असे फारसे काही नसतेच. लाल मातीचा हौद, मुद्गल, करेला, एखादा मल्लखांब, भिंतीवर मारुतीची तसबीर. तालमीची प्रतिष्ठा ‘तिथे शिकवतो कोण’ या एकाच प्रश्नावर ठरत असे.

४/
वस्ताद नेमके काय करीत असे? नवा पोरगा आला की त्याला लगेच डाव शिकवले जात नसत. आधी हौद खणायचा, माती उकरायची, मग जोर आणि बैठका. या काळात वस्ताद त्याला न्याहाळत असे. खांदे रुंद आहेत की कंबर भारी, पाय लांब की आखूड, दम लवकर लागतो का, चिडतो का, पडल्यावर हसतो का. त्यावरून पुढचा व्यायाम, खुराक आणि डाव ठरत. बुटक्या, चपळ मुलाला पट काढण्यात तयार करायचे. उंच, बळकट मुलाला ढाक किंवा कलाजंग द्यायचा. एकाच हौदात वीस जण घाम गाळत असले, तरी वीस जणांचे वीस अभ्यासक्रम चालत.

५/
आणखी एक गोष्ट ‘जोड’ लावण्याची. कोणी कोणाशी सराव करायचा, हे वस्ताद ठरवी. फार बलवान जोडीदार दिला तर मुलगा खचतो किंवा जायबंदी होतो. फार कमकुवत दिला तर माजतो. आजच्या क्रीडाशास्त्रात शरीरावरचा भार क्रमाने वाढवण्याला मोठे महत्त्व आहे. वस्तादाकडे भार मोजायला लोखंडी तबकड्या नव्हत्या. त्याचा भार म्हणजे समोरचा जिवंत माणूस. तो रोज नव्याने निवडावा लागे, आणि निवडण्यासाठी दोघांनाही नीट ओळखावे लागे.

६/
‘माणूस पाहून व्यायाम’ याचे जुने उदाहरण म्हणून बाळंभटदादा देवधरांची आठवण अवश्य येते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले हे मल्ल. परंपरा सांगते की निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या बलदंड मल्लांच्या आव्हानाला सामोरे जाण्यासाठी त्यांनी मल्लखांबाची विद्या पुनरुज्जीवित केली. कथेभोवती सप्तशृंगीचे आणि मारुतीचे वलय आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीने ते आख्यायिका म्हणूनच घ्यावे. पण आख्यायिकेचा आशय पाहा : समोरचा वजनाने भारी, आपण हलके, तर त्याच्यासारखे होण्याचा नाद सोडून आपल्या शरीराला साजेशी साधना शोधायची. समाजाने ही गोष्ट जपून ठेवली, कारण तिच्यातले तत्त्व त्याला पटलेले होते.

७/
आता दुसऱ्या प्रवाहाकडे, म्हणजे छापील तक्त्याकडे वळू. त्याचा मोठा प्रवर्तक युजेन सँडो (१८६७–१९२५). प्रशियात जन्मलेला आणि लंडनमध्ये गाजलेला हा शक्तिप्रदर्शक. १८९७ साली त्याने ‘स्ट्रेंग्थ अँड हाऊ टू ऑब्टेन इट’ हे पुस्तक काढले. त्याच्या नावाची उपकरणे निघाली, मासिक निघाले, टपालाने व्यायाम शिकवण्याचा व्यवसाय निघाला. १९०४–०५ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन प्रयोगही करून गेला. इकडे बंगळुरूच्या के. व्ही. अय्यरांनी पुढे टपाली अभ्यासक्रम चालवले. मोबाइलमधल्या ‘प्लॅन’चे पणजोबा हेच. पाकीट गेले, नोटिफिकेशन आले. मधला माणूस मात्र तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

८/
सँडोची भुरळ आपल्याकडच्या एका मोठ्या माणसालाही पडली होती. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंत प्रतिनिधी यांनी कित्येक वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांनी सुचवल्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग आयुष्यभर त्याचे प्रचारक झाले. औंधच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. १९३८ साली लंडनहून त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले.

९/
या घटनेत एक गंमत आहे, ती निसटू देऊ नका. भवानरावांनी जगाला दिला तो सर्वांसाठी एकच क्रम. पण त्यांना स्वतःला तो क्रम मिळाला कसा? ओळखीच्या, वडीलधाऱ्या माणसाच्या सल्ल्यातून. म्हणजे पद्धतीचा प्रसार छापून झाला, पण खुद्द पद्धतकर्त्याचा पालट व्यक्तिगत सल्ल्याने झाला. व्यायामाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते : जो पुस्तक लिहितो, तो स्वतः सहसा कोणाच्या तरी हाताखाली तयार झालेला असतो.

१०/
तरीही भवानरावांना न्याय दिला पाहिजे. त्यांच्या ‘एकच क्रम सर्वांना’ या हट्टामागे एक उदार विचार होता. सूर्यनमस्काराला हौद लागत नाही, जोडीदार लागत नाही, पैसा लागत नाही. औंधच्या राजघराण्यातल्या स्त्रियाही सूर्यनमस्कार घालीत. तालमीच्या उंबऱ्यापाशी जे अडवले गेले, त्यांना अंगणात सतरंजीवर जागा मिळाली. छापील व्यायामाच्या बाजूने मांडता येईल असा हा सर्वांत प्रबळ युक्तिवाद आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय माझे मत उभे राहू शकत नाही. म्हणून त्याकडे पुढे परत येते.

११/
बडोद्याकडे पाहू. जुम्मादादांच्या आखाड्याची धुरा त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी वाहिली. मुसलमान वस्ताद, हिंदू शिष्य, आणि गुरूचे नाव मिरवणारी व्यायामशाळा. माणिकरावांनी सांघिक व्यायाम घडवला, देशी भाषेतल्या आज्ञांवर चालणारी कवायत. पण हाच माणूस हाडे बसवण्यासाठीही ख्यात होता. मैदानावर शेकडो मुले एका आज्ञेवर हात उचलीत. आत मात्र एकेका निखळलेल्या खांद्यावर त्यांचा हात फिरे. समूह आणि व्यक्ती यांतील भेद त्यांना पुरेपूर ठाऊक होता. बडोद्यातूनच द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ही निघाला, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

१२/
माणिकरावांचे एक शिष्य म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, पुढचे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. १९३७ नंतर मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक कामात त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९३८ साली सरकारने शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था काढली ती आमच्या उपनगरात, कांदिवलीला. कुवलयानंदांनी शाळांसाठी ‘यौगिक संघ व्यायाम’ लिहिला. पण रुग्ण समोर आला की त्याची प्रकृती पाहून निवडक क्रिया देण्याचीच त्यांच्या संस्थेची पद्धत होती.

१३/
आमच्याच किनाऱ्यावरची आणखी एक हकीकत. २५ डिसेंबर १९१८ रोजी वेसाव्याला, दादाभाई नौरोजींच्या समुद्राकाठच्या बंगल्यात, श्रीयोगेंद्र यांनी ‘योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. ती आज सांताक्रूझला आहे. तिचे आरंभीचे विद्यार्थी होमी दादिना, म्हणजे नौरोजींचे जावई. आज जगभर हॉलच्या हॉल भरून चालणाऱ्या योगवर्गांच्या इतिहासातले एक पहिले पान हे असे आहे : वेसाव्याच्या वाळूवर एक शिक्षक आणि त्याच्यासमोर एक प्रौढ पारशी गृहस्थ. योगेंद्र आणि कुवलयानंद हे दोघेही माळसरच्या परमहंस माधवदासांचे शिष्य. तेथेही शिक्षण गुरूच्या सहवासातच झाले होते.

१४/
आता या थ्रेडच्या गाभ्याकडे येते : खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, कराडजवळ. वडील स्वतः मल्ल. पुढे कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान पुरे केले, त्या नगरीत हा हलक्या अंगकाठीचा मुलगा बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. ‘कोल्हापूरचा पैलवान’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो देह उभा राहतो, तसा खाशाबांचा नव्हता. त्यांचे सामर्थ्य चपळाईत होते, आणि शिकवणाऱ्यांना ते दिसले.

१५/
१९४८, लंडन. फ्लायवेट गट. खाशाबा मातीत वाढलेले, आणि तेथे कुस्ती गादीवर. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो. मातीतल्या कुस्तीत चितपट होईपर्यंत लढत चाले. गादीवर वेळेचे बंधन आणि गुणांचा हिशेब. अशा वेळी त्यांना मार्गदर्शन लाभले ते अमेरिकेच्या रीस गार्डनर या माजी जगज्जेत्या मल्लाचे. पूर्वी सवय नसलेल्या गादीवर खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला. मातीचा पाया वस्तादांनी घातला होता. त्या पायावर गादीचे तंत्र कसे चढवायचे, हे दुसऱ्या जाणत्या डोळ्याने दाखवले.

१६/
चार वर्षांनी, १९५२, हेलसिंकी. प्रवासखर्चासाठी वणवण झाली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापूर अजून विसरलेले नाही. वजनगट बदलला होता, आता बँटमवेट. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच के. डी. माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, हे मात्र आपण क्वचितच आठवतो.

१७/
या पदकामागे कोणताही तयार तक्ता नव्हता. गोळेश्वरात बाप होता, कोल्हापुरात वस्ताद होते, लंडनला गार्डनर होते, आणि घर गहाण टाकणारा प्राचार्य होता. या प्रत्येकाने ‘कुस्तीगीर’ नावाच्या कोणा सामान्य प्राण्याकडे पाहिले नाही, खाशाबाकडे पाहिले. खाशाबांची मेहनत वजा केली तर यातले काहीच उरत नाही, हे खरेच. परंतु कोल्हापुरात मेहनत करणाऱ्या मुलांची वाण कधीच नव्हती. मेहनत योग्य दिशेला लागण्यासाठी कोणीतरी बाजूला उभे राहून पाहावे लागते.

१८/
‘हे भावनेचे बोलणे झाले, शास्त्र काय म्हणते?’ असा प्रश्न येईल. दोन दाखले देते. पहिला : ‘हेरिटेज’ नावाच्या कौटुंबिक अभ्यासात सुमारे ४८० बैठ्या जीवनशैलीच्या व्यक्तींकडून २० आठवडे एकाच आखणीचा सायकल-व्यायाम करून घेतला गेला. १९९९ साली निष्कर्ष आले. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला सरासरी ४०० मिलिलिटरने वाढली; पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही, तर काहींची एक लिटरहून अधिक वाढली. तक्ता सरासरीसाठी लिहिलेला असतो, आणि सरासरी नावाचा माणूस कोणत्याही तालमीत आजवर आलेला नाही.

१९/
दुसरा : २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांच्या दोन गटांना बारा आठवडे वजन उचलण्याचा अगदी एकच कार्यक्रम दिला. एका गटावर प्रशिक्षकाची प्रत्यक्ष देखरेख, दुसरा गट आपापला. देखरेखीखालच्या गटाने वजने अधिक वेगाने वाढवली आणि त्यांचे बळही अधिक वाढले. कागद तोच होता. शेजारी उभा असलेला माणूस एवढाच काय तो फरक. तालमीच्या कट्ट्यावर बसून नुसते ‘हूं’ म्हणणाऱ्या वस्तादाचे महत्त्व यापेक्षा निराळ्या शब्दांत कसे सांगावे?

२०/
आता माझी स्वतःची गोष्ट, कारण हा विषय मी ग्रंथालयातून उचललेला नाही. मी मनोरीची. रोज तरीने खाडी ओलांडून मार्वेला उतरते, मालाडला गाडी धरते. एम.ए.च्या पहिल्या वर्षी तासन्‌तास बसून पाठ आखडली, म्हणून मोबाइलवरचा एक नव्वद दिवसांचा कार्यक्रम घेतला. रोज आकडा यायचा : आज चाळीस बैठका, उद्या पंचेचाळीस. मी एकही दिवस चुकवला नाही. पाचव्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला. पडद्यावर त्या दिवशीही अभिनंदनाचा संदेश झळकला. जेटीच्या पायऱ्या उतरताना मला कठड्याचा आधार घ्यावा लागत होता.

२१/
दिवाळीत आजोळी, कराड तालुक्यात गेले. आजोबा तरुणपणी गावच्या तालमीत जात. त्यांनी मला ओसरीवर बैठक मारायला लावली. एक. दोन. तिसरीला थांबवले. ‘‘पोरी, टाच उचलतीया तुजी. घोटा आखडलाय, म्हनून समदा भार गुडघ्यावर येतुया. तू नुसतं मोजतीयास, अंगाकडं बघत न्हाईस.’’ मग त्यांनी टाचांखाली लाकडाची एक फळी सरकवली, बैठका चाळीसवरून आठवर आणल्या, आणि घोट्यासाठी भिंतीला टेकून करायचा एक साधा ताण दाखवला. सूज असलेले दिवस सक्तीची विश्रांती. दोन महिन्यांत पायऱ्या सुटसुटीत उतरू लागले. नव्वद दिवसांच्या कार्यक्रमाला जे कळले नव्हते, ते त्यांनी तीन बैठकांत ओळखले.

२२/
परंतु गोष्ट येथे संपवली तर तो इतिहास होणार नाही, स्मरणरंजन होईल. आजोबांनी मला शिकवले ते ओसरीवर. कारण त्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेले नाही, माझी आई गेली नाही, आजीही गेली नाही. वस्तादाची नजर तीक्ष्ण होती, पण ती कोणावर पडावी हे समाजाने आधीच ठरवून ठेवले होते. स्त्रियांना दार बंद, आणि अनेक ठिकाणी जातीनेही दारे अडवलेली. शिवाय गुरू-शिष्याचे नाते जितके जवळचे, तितकी त्यात अधिकाराच्या गैरवापराची भीती अधिक. ‘मी सांगतो म्हणून’ एवढ्यावर चालणारी विद्या चुका दुरुस्त करीत नाही. छापील पुस्तकाची चूक निदान चारचौघांना वाचता तरी येते.

२३/
म्हणून भवानरावांच्या युक्तिवादाकडे परत येते. छापील क्रमाने ज्यांना प्रथमच व्यायामाचा अधिकार दिला, त्यांच्यासाठी तो मोठाच लाभ होता, आणि आजही ज्या मुलीच्या गावात काहीच सोय नाही, तिच्यासाठी मोबाइलवरचा व्हिडिओ नसण्यापेक्षा बरा. पण दार बंद आहे म्हणून खिडकीतून आत डोकावणाऱ्याला ‘खिडकी हेच दार’ असे सांगणे ही फसवणूक आहे. तालमीचा दोष दार बंद ठेवण्याचा होता. त्यावरचा उपाय दार उघडणे हा आहे. आपण केले मात्र वेगळेच : दार तसेच बंद ठेवले, फक्त पहारेकरी बदलला. पूर्वी जात आणि लिंग अडवीत, आता शुल्क अडवते. पैसा असलेल्याला ‘पर्सनल ट्रेनर’, बाकीच्यांना आकड्यांचा तक्ता.

२४/
सकाळच्या तरीवर मी हे रोज पाहते. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली कोळीण असते, तिची मान आणि कंबर आयुष्यभर भार वाहून दमलेली. शेजारी दिवसाचे दहा तास संगणकासमोर बसणारा मुलगा. एखादे निवृत्त काका, ज्यांना डॉक्टरांनी ‘व्यायाम करा’ एवढेच सांगितले आहे. या तिघांनाही मोबाइल आज पन्नास बैठका सांगेल. कोळणीला बहुधा श्रमाची गरजच नाही, तिला मोकळे होण्याची गरज आहे, मुलाला श्रमाची, काकांना आधी कोणीतरी चालताना पाहण्याची. मार्वे ते मनोरी हा काही मिनिटांचा प्रवास, आणि तेवढ्या एका होडीत तीन निराळे अभ्यासक्रम बसलेले असतात.

२५/
‘प्रत्येकाला स्वतंत्र प्रशिक्षक कसा परवडेल?’ हा व्यवहारी प्रश्न. इतिहासाचे उत्तर असे की परवडण्याचा भार व्यक्तीवर टाकलेलाच नव्हता. तालीम पेठेची, गल्लीची, गावाची असे. कोठे संस्थानाचा आश्रय, कोठे वर्गणी, कोठे जत्रेतल्या कुस्त्यांचा आधार. आणि एकेका वस्तादाच्या हाताखाली अनेक मुले असत. व्यक्तिगत मार्गदर्शन म्हणजे एकास एक शिक्षक असा अर्थ तेव्हा कोणी घेत नव्हते. वीस जणांवर एकच शिक्षक, पण त्याला वीसही जण नावानिशी आणि अंगानिशी ठाऊक, असा तो अर्थ होता.

२६/
मुंबईत आजही ठिकठिकाणी सार्वजनिक व्यायामशाळा आहेत, बागांमध्ये लोखंडी उपकरणे बसवलेली आहेत. उपकरण बसवणे सोपे असते. त्याचे उद्घाटन करता येते, त्यावर पाटी लावता येते. माणूस नेमला तर त्याला दरमहा पगार द्यावा लागतो. पण ज्या उपनगरात १९३८ साली शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था निघाली, त्या उपनगरातल्या नागरिकांनी एवढे तरी मागावे : प्रत्येक सार्वजनिक व्यायामशाळेत एक प्रशिक्षित, सर्वांना खुला वस्ताद असावा, आणि त्यांतल्या निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. त्याची नजर तालमीतली असावी, ज्ञान आजचे असावे, आणि ‘का?’ विचारल्यावर न रागावता उत्तर देण्याची तयारी असावी.

२७/
थ्रेडचा सारांश. सँडोच्या टपालापासून आजच्या अ‍ॅपपर्यंत छापील व्यायामाने लोकांना सुरुवात करून दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद. परंतु घडवण्याचे काम ज्यांनी केले, ते बलवडे असोत, बेलापुरी गुरुजी असोत, माणिकराव असोत किंवा गार्डनर, ते सर्व समोरच्या माणसाकडे पाहून बोलत होते. तुमच्या हाती आज तक्ता असेल तर तो टाकून देऊ नका. फक्त महिन्यातून एकदा तरी एखाद्या जाणत्या माणसासमोर करून दाखवा. तुमची टाच उचलते की नाही, हे तुमचे तुम्हाला दिसत नाही.

२८/
शेवटी एक विनंती, इतिहासाच्या मित्रमैत्रिणींना. आपापल्या गावातली, पेठेतली, कोळीवाड्यातली जुनी तालीम शोधा. ती कोणत्या वस्तादाच्या नावाने ओळखली जाई, कोणाला आत घेत आणि कोणाला नाही, खर्च कोण करी, हे तेथल्या वृद्धांना विचारून लिहून ठेवा. यांतले बरेचसे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ते सांगणारी माणसे आपल्यातून निघून चालली आहेत. तुम्हाला मिळालेली माहिती या थ्रेडखाली अवश्य नोंदवा. पुढच्या भागात मल्लखांबावर सविस्तर लिहीन. तोपर्यंत, आठच बैठका मारा, पण टाच टेकवून.